काळ्या कातळाची साक्ष : वैजापूरच्या दगडातले चुंबक आणि त्यांची कोंडी

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो साधनचिकित्सेचा. ताम्रपट असो, बखर असो वा फर्मान. मजकूर वाचण्याआधी लिहिणारा कोण, त्याने कोणत्या परिस्थितीत लिहिले आणि त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे तपासावे लागते. आजचा थ्रेड अशाच एका साधनाविषयी आहे. मात्र हे साधन कोणा कारकुनाने लिहिलेले नाही. ते वैजापूरच्या शेताच्या बांधावर, विहिरीच्या कठड्यात, जुन्या वाड्यांच्या जोत्यात पडून आहे : आपला काळा दगड.

२/ वैजापूर तालुक्यात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग कातळ. कातळ कधी घट्ट काळा पाषाण असतो, कधी छिद्राछिद्रांचा मांजऱ्या. हे सारे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्हाचे थर आहेत. पूर्वेस वेरूळची लेणी ज्या खडकात कोरली, तोही याच कुळातला. आज उरलेला दख्खनचा हा लाव्हाप्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांचा आहे. त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात आणि त्याच्या खडकाला बेसॉल्ट.

३/ एक प्रयोग करून पाहावा. ओढ्याच्या वाळवंटातली कोरडी वाळू कागदावर पसरा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. काही काळे कण चुंबकामागे धावू लागतील. बेसॉल्ट झिजून सुटे झालेले हे मॅग्नेटाइटचे कण होत. लोह आणि ऑक्सिजन यांचे हे खनिज. दख्खनच्या खडकात त्यात थोडे टायटॅनियमही मिसळलेले असते. खडकाच्या वजनात त्याचा वाटा अल्प असतो, पण खडकाची स्मृती मुख्यतः त्याच्याकडेच असते.

४/ स्मृती कसली? लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. त्या उष्णतेत खनिजातले अणूंएवढे सूक्ष्म चुंबक सैरभैर असतात. थर निवू लागतो. शुद्ध मॅग्नेटाइटच्या बाबतीत ५८० अंशांच्या सुमारास हे सूक्ष्म चुंबक शिस्तीत येऊ लागतात आणि त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल, त्या दिशेचा कल स्वीकारतात. पुढे थंड झाल्यावर तो कल गोठतो.

५/ पृथ्वीचे क्षेत्र केवळ उत्तर दाखवत नाही. ते जमिनीशी कोनही करते. विषुववृत्तावर मोकळी टांगलेली चुंबकसूची आडवी राहते, ध्रुवावर उभी होते. मधल्या प्रदेशांत हा कोन अक्षांशाप्रमाणे बदलतो. नियम सोपा आहे : कोनाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. म्हणून दगडात गोठलेला कोन मोजला, तर तो दगड जन्माच्या वेळी कोणत्या अक्षांशावर होता, ते काढता येते. दगडाने आपले जन्मस्थानच नोंदवून ठेवलेले असते.

६/ आता काळ १९५० च्या आसपासचा. खंडे सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडले होते. पण बहुसंख्य भूशास्त्रज्ञांना ते पटलेले नव्हते. केंब्रिजमध्ये टेड अर्व्हिंग नावाच्या तरुण संशोधकाने विख्यात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या प्रोत्साहनाने भारतातून लाव्हाचे मोजके नमुने मिळवले. त्यांतला कल सांगत होता, की भारत एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. १९५४ मध्ये अर्व्हिंग यांचा पीएच.डी.चा प्रबंध मात्र नाकारला गेला.

७/ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या पाठबळाने आणखी एक गट याच कामाला लागला होता. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम रुजले आणि १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खन ट्रॅपवरचा निबंध आला.

८/ निष्कर्ष थक्क करणारा होता. दख्खनच्या थरांतला कोन बहुधा ४५ ते ५० अंशांच्या घरात येतो. वरचा नियम लावला, तर अक्षांश येतो विषुववृत्ताच्या दक्षिणेस २५ ते ३० अंश. वैजापूर आज उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे. म्हणजे पायाखालची ही भूमी पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून येथवर आली; वर्षाला सरासरी ८ सेंटिमीटर, आपली नखे वाढतात त्याच्या दुपटीहून थोड्या अधिक वेगाने.

९/ पण साक्षीदार एका ठिकाणी अडखळला. दख्खनच्या खालच्या अनेक थरांतला कल वरच्या थरांच्या नेमका उलट निघाला. उत्तर असावी तेथे दक्षिण. याचे दोनच अर्थ संभवत होते. एक : त्या काळी पृथ्वीचेच चुंबकीय ध्रुव उलटे होते. दुसरा : पृथ्वी जशी होती तशीच होती, दगडाने नोंद उलटी केली. दुसरा अर्थ खरा असता, तर दगडाच्या साऱ्याच साक्षीवर संशयाची छाया पडली असती.

१०/ हा संशय पोकळ नव्हता. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले, की खनिजाची अंतर्गत रचना विशिष्ट प्रकारची असेल, तर ते बाह्य क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित होऊ शकते. त्याच सुमारास जपानमध्ये नागाता यांना हारुना पर्वताच्या लाव्हात असा खडक प्रत्यक्ष सापडला. १९५३ मध्ये हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत गोर्टर आणि शुल्केस यांनी असा पदार्थच तयार केला. तापमान बदलताच त्याची दिशा पलटत असे. त्याची स्फटिकरचना होती मॅग्नेटाइटच्याच जातीची. साक्षीदाराची उलटतपासणी आता अटळ होती आणि ती स्फटिकाच्या आत शिरूनच करावी लागणार होती.

११/ या जातीच्या रचनेला स्पिनेल म्हणतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने ती १९१५ मध्ये उलगडली. विल्यम हेन्री ब्रॅग आणि जपानचे निशिकावा या दोघांनी ती स्वतंत्रपणे सोडवली. हिचा पायाभूत घन ३२ ऑक्सिजन अणूंचा. त्यांच्यामधल्या पोकळ्यांत लोह बसते, दोन प्रकारच्या जागांवर. चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या ८ जागा. त्यांना आपण अ-जागा म्हणू. सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या १६ जागा, त्या ब-जागा. घनाची बाजू मॅग्नेटाइटमध्ये सुमारे ०.८४ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा जवळजवळ बारा लाख घनांची रांग मावेल.

१२/ नील यांनी १९४८ मध्येच या रचनेचा चुंबकीय हिशेब मांडला होता. अ-जागांवरचे सूक्ष्म चुंबक एका दिशेला तोंड करून उभे राहतात, ब-जागांवरचे विरुद्ध दिशेला. मॅग्नेटाइटच्या एका रेणुसूत्रात तीन लोह आयन असतात. बोहर मॅग्नेटॉन या एककात अ-जागेवरील एकाचे बळ ५. ब-जागांवरील दोघांचे ५ आणि ४, म्हणजे ९. नऊ वजा पाच, बाकी चार. प्रयोगात मोजलेला आकडाही चाराच्या अगदी जवळ येतो. चुंबकाला वाळूचा कण चिकटतो तो या वजाबाकीत उरलेल्या बाकीमुळे.

१३/ येथवर सारे सुरळीत वाटते. पण क्षणभर अ-जागा बाजूला ठेवा आणि केवळ ब-जागा पाहा. शेजारच्या चार-चार ब-जागा मिळून एक चतुष्फलक होतो : त्रिकोणी तळावर उभारलेला, सर्व बाजू समान असलेला मनोरा. प्रत्येक कोपरा दोन मनोऱ्यांत सामाईक. असे मनोरे कोपऱ्याला कोपरा जोडत स्फटिकभर पसरलेले असतात.

१४/ आता समजा, या शेजाऱ्यांचा स्वभाव असा, की प्रत्येकाला आपल्या शेजाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उभे राहायचे आहे आणि त्याला वर किंवा खाली एवढ्याच दोन दिशा मोकळ्या आहेत. शेजारी दोनच असते तर प्रश्न नव्हता. पण तिघे त्रिकोणात उभे केले, की एक वर, एक खाली आणि तिसरा? तो कुठेही वळला तरी एका शेजाऱ्याशी त्याचे बिनसतेच. चौघांच्या मनोऱ्यात सहा जोड्या होतात. उत्तमात उत्तम मांडणी म्हणजे दोन वर, दोन खाली. तिच्यातही चारच जोड्या समाधानी होतात, दोन असमाधानी राहतात. आणि अशा सारख्याच चांगल्या मांडण्या निघतात सहा. त्यांतली कोणती निवडावी, याला कोणतेही कारण नाही.

१५/ यालाच भौतिकशास्त्रात फ्रस्ट्रेशन म्हणतात. १९७७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जेरार तुलूज यांच्या निबंधाने हा शब्द रूढ केला. मराठीत 'वैफल्य' म्हणण्यापेक्षा आपण 'कोंडी' म्हणू. कारण येथे कोणीही हताश झालेला नाही, सर्वांचे एकाच वेळी समाधान करणारी वाट तेवढी नाही. दोष घटकांत नसून मांडणीत आहे. चौकोनी जालकावर हेच चुंबक आनंदाने एकाआड एक उभे राहिले असते. वानिए यांनी १९५० मध्येच गणिताने सिद्ध केले होते, की त्रिकोणी जालकावर असे चुंबक निरपेक्ष शून्य तापमानालाही एका मांडणीवर स्थिर होत नाहीत.

१६/ मग मॅग्नेटाइट गोंधळात का पडत नाही? कारण तेथे अ आणि ब यांच्यातला विरोध इतका बलवान असतो, की ब-जागांचे आपसांतले मतभेद त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. हे बळ मधल्या ऑक्सिजनमार्फत पोहोचते. अ-ऑक्सिजन-ब हा कोन सुमारे १२५ अंशांचा असतो, ब-ऑक्सिजन-ब हा सुमारे ९० अंशांचा. आणि कोन सरळ रेषेच्या जितका जवळ, तितका हा विरोध प्रबळ. त्यामुळे सारे ब निमूटपणे अ-च्या विरुद्ध, म्हणजे आपोआपच एकमेकांच्या बाजूने उभे राहतात. कोंडीची शक्यता मिटते आणि दिशा टिकते.

१७/ ही समजूत खरी की नाही, हे तपासण्याचा मार्ग सरळ आहे : अ-जागांवरचा चुंबक काढून घ्यावा. त्या जागी जस्त ठेवले, की अ-जागा चुंबकीयदृष्ट्या मुकी होते. जस्त आणि क्रोमियम यांच्या स्पिनेलमध्ये नेमके हेच दिसते. त्यातल्या परस्परविरोधाचे बळ तापमानात मोजले तर सुमारे ३९० केल्विन भरते. म्हणजे साध्या मांडणीत त्याच्या आसपासच्या तापमानाला शिस्त यायला हवी होती. प्रत्यक्षात ती येते १२.५ केल्विनला, उणे २६० अंश सेल्सिअसला! तीसपट थंड होईपर्यंत चुंबक घुटमळत राहतात. असा दगड उणे दोनशे साठच्या वर कोणतीही दिशा लक्षात ठेवू शकत नाही.

१८/ योगायोग पाहा. ज्या १९५६ मध्ये क्लेग आणि त्यांचे सहकारी दख्खनच्या दगडाची स्मृती वाचत होते, त्याच वर्षी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील फिलिप अँडरसन यांनी याच खनिजकुलातली कोंडी उघड केली. त्यांच्यापुढे प्रश्न जुना होता. १९३९ मध्ये फेरवे यांना आढळले होते, की मॅग्नेटाइट सुमारे १२० केल्विनपर्यंत थंड केले की त्याची विद्युतवाहकता एकाएकी सुमारे शंभरपटीने घसरते. फेरवे यांचे मत असे, की ब-जागांवरचे दोन विद्युतभारांचे लोह आयन त्या तापमानाला ठरावीक ओळींत बसतात.

१९/ अँडरसन यांनी दाखवले, की हे बसणे वाटते तितके सोपे नाही. प्रत्येक मनोऱ्यावर एका भाराचे दोन आणि दुसऱ्या भाराचे दोन आयन, एवढा नियम पाळूनही असंख्य मांडण्या उरतात. ही तर बर्फाची गोष्ट झाली. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोन हायड्रोजन आणि दूर दोन असतात, आणि त्यामुळे अगणित मांडण्या संभवतात, हे लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये सांगितले होते. एकाच सूत्रात पाण्याचा बर्फ, लोहाचे खनिज आणि चुंबकांची कोंडी ओवली गेली. मॅग्नेटाइटची थंडीतली खरी रचना हाती येण्यास २०१२ साल उजाडावे लागले. सेन, राइट आणि ॲटफिल्ड यांनी ती क्ष-किरणांनी सोडवली. फेरवे यांच्या निबंधानंतर तब्बल ७३ वर्षांनी.

२०/ आता पुन्हा मुंबईकडे वळू. ज्या टाटा संस्थेत दख्खनच्या दगडांची चुंबकीय दिशा मोजली जात होती, तिथेच कुलाब्यात १९६९ मध्ये चंचलकुमार मजुमदार आणि त्यांचे विद्यार्थी दीपन घोष यांनी कोंडीचे एक गणित अचूक सोडवले. चुंबकांची एक सरळ माळ घ्या. प्रत्येकाचा विरोध लगतच्या शेजाऱ्याशी आहे आणि त्याच्या निम्म्या बळाने एक सोडून पुढच्याशीही आहे. लगतचे कोणतेही तिघे घेतले, तरी त्रिकोण तयार होतो. म्हणजे माळभर कोंडीच कोंडी.

२१/ त्यांचे उत्तर विलक्षण साधे निघाले. पुंजयांत्रिकीत दोन चुंबक अशी जोडी बांधू शकतात, की जोडीची एकत्रित दिशा शून्य होते. माळेतले चुंबक दोन-दोनांच्या अशा जोड्या करतात आणि शेजारच्या जोडीशी असलेला वाद आपोआप फिटतो. अशा मांडण्या दोनच : पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, किंवा दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा. जगभर याला आज मजुमदार-घोष प्रतिकृती म्हणतात. याच संस्थेतून डॉक्टरेट घेतलेले श्रीराम शास्त्री यांनी बिल सदरलँड यांच्यासह १९८१ मध्ये हा विचार सपाट जालकावर नेला. त्या वेळी ते निव्वळ गणित होते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की स्ट्रॉन्शियम, तांबे, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगात निसर्गाने ही रचना आधीच करून ठेवली आहे.

२२/ राहिला उलट्या नोंदीचा खटला. त्याचा निकाल दोन प्रकारच्या पुराव्यांनी लागला. फ्रान्समध्ये बर्नार ब्रून यांनी १९०६ मध्येच पाहिले होते, की उलट्या दिशेचा लाव्हा ज्या चिकणमातीवरून वाहिला, ती भाजलेली मातीही उलट्याच दिशेची होती. एका साक्षीदाराचा दोष मानता येईल. भिन्न घडणीचे दोन साक्षीदार एकच सांगू लागले, की ऐकावे लागते. नंतर १९६३-६४ मध्ये अमेरिकेत कॉक्स, डोएल आणि डॅलरिंपल यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या लाव्हांचे वय मोजून दाखवले, की एकाच वयाचे खडक कुठेही असोत, त्यांची दिशा एकमेकांशी जुळते. उलटली होती ती पृथ्वी. नोंद उलटी करणारे हारुनासारखे खडक अपवाद ठरले.

२३/ दख्खनच्या दगडाने खरेच सांगितले होते. त्याच्या बहुतांश लाव्हाचा काळ आज '२९ आर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उलट्या ध्रुवांच्या कालखंडात बसतो. डायनोसॉरांचा अंतही याच कालखंडातला. जी नोंद साक्षीदाराला खोटे पाडणार असे वाटले होते, तीच आता दख्खनचा काळ ठरवण्याचे साधन झाली आहे.

२४/ तरुण अभ्यासकांसाठी या साऱ्याचे मर्म एवढेच. दगडाला स्मृती आहे, हे सांगून भागत नाही. ती कशामुळे टिकली, हे कळावे लागते. मॅग्नेटाइटच्या पोटातही कोंडी करणारी मांडणी आहेच. एक विरोध दुसऱ्यापेक्षा बलवान ठरला, म्हणून त्याला दिशा लाभली. त्याच मांडणीत जस्त बसले असते, तर दगड मुका राहिला असता. साधन विश्वसनीय ठरते ते त्याच्या आतले ताण तपासून, ते निर्दोष आहे असे गृहीत धरून नव्हे. बखरीला आपण हीच कसोटी लावतो.

२५/ पुढच्या वेळी रोटेगाव स्थानकावर उतरलात किंवा समृद्धी महामार्गाने तालुका ओलांडलात, तर एखादा काळा दगड हातात घेऊन पाहा. तो जन्मला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिणेकडे होती. तो तिथली दिशा अजून विसरलेला नाही.